काव्यस्पर्धेच्या गुणपत्रिकेत 'सामाजिक संदेश – ३० गुण': तुम्ही कसे द्याल?

आडवाट
नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवात यंदा स्वरचित काव्यस्पर्धा आहे आणि परीक्षक म्हणून मला धरलंय (शाळेत मराठी शिकवते, एवढंच पाप). काल गुणपत्रिका हातात आली. आशय २५, भाषा व सौंदर्य २५, सामाजिक संदेश ३०, सादरीकरण २०.

कविता आधीच मागवून घेतल्यात. दोन इथे देते, लिहिणाऱ्यांना विचारून. पहिलीचं एक कडवं:

झाडे लावू, झाडे जगवू
थेंब थेंब पाण्याचा अडवू
नातवंडांच्या ओंजळीमध्ये
हिरवी धरती आपण ठेवू

अशी सहा कडवी. चाल चोख, कुठे अडखळत नाही. दुसरी सगळी मिळून एवढीच:

गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया
आणि राखणीला मी.
कावळा आला की आई खालून ओरडायची.
नाही आला तरी ओरडायची.

ही वाचून मी हसले आणि दिवसभर ती डोक्यातून जाईना. पण संदेशाच्या रकान्यात हिला काय देऊ? शून्य? आणि पहिलीला तिसापैकी तीस? सहपरीक्षक म्हणतात, "समाजाला काही दिलंच नाही तर कविता करायची कशाला?" मला हे पटत नाही, पण का पटत नाही ते धड मांडताही येईना. तुम्ही काय कराल?

खोडरबर
दुसरीत संदेश ढळढळीत आहे की. बालमजुरी थांबवा. ३०/३०.

बे एके बे
शिवाय पक्षीसंवर्धन. कावळ्यांच्या वाट्याच्या कुरडया त्यांना मिळाल्याच पाहिजेत.

पिंपळपार
आडवाटताई, तुमच्या सहपरीक्षकांचा प्रश्न आपल्याकडे चांगला जुना आहे. कला की जीवन हा वाद फडके (कलेसाठी कला) आणि खांडेकर (जीवनासाठी कला) यांच्या नावाने इतका गाजला की अजून परीक्षेत टिपा लिहायला येतो. ना. सी. फडके १९४० साली रत्नागिरीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष आणि लगेच पुढच्या वर्षी सोलापूरला वि. स. खांडेकर. वाचकांनी दोघांनाही डोक्यावर घेतलं होतं, हे वाद सांगताना कोणी सांगत नाही. फडक्यांची कादंबरी वाचून झाली की त्याच ग्रंथालयातून लोक खांडेकरांची घेऊन जात.

त्याच्याही कितीतरी आधी, अकराव्या शतकात, काश्मीरच्या मम्मट या काव्यशास्त्रकाराने काव्याची सहा प्रयोजनं सांगितली: यश, पैसा, व्यवहारज्ञान, अमंगलाचा नाश, तत्क्षणी मिळणारा परमानंद आणि कांतासंमित उपदेश. वेद आज्ञा करतात राजासारखी, पुराणं समजावतात मित्रासारखी, आणि काव्य सांगतं ते प्रियेसारखं, म्हणजे तुम्हाला उपदेश झाल्याचं कळतसुद्धा नाही. या मापाने तुमची पहिली कविता राजाज्ञेत बसते. 'झाडे लावू' हे वन खात्याच्या फलकावर शोभेल. त्यात वाईट काही नाही, फक्त मम्मट त्याला काव्य म्हणायला जरा कां कू करेल.

खोडरबर
उपदेश झाल्याचं कळतसुद्धा नाही?? मम्मटाचं लग्न झालं नव्हतं बहुधा.

शेवग्याची शेंग
किंवा झालं होतं आणि तो ऐकत नव्हता. दुसरी शक्यता जास्त.

वरणफळ
मला शाळेतला 'औदुंबर' आठवला. बालकवींच्या जेमतेम आठ ओळी. टेकडी, गाव, शेतमळे, पायवाट, डोह आणि शेवटी 'पाय टाकुनी जळांत बसला असला औदुंबर'. आणि खाली प्रश्न: या कवितेतून कवीला काय सांगायचे आहे?

आमच्या बाईंनी उत्तर लिहून दिलं होतं, 'निसर्गाचे रक्षण करावे'. सगळ्या वर्गाने तेच लिहिलं आणि सगळ्यांना पूर्ण गुण. त्या कवितेत डोहावर पसरलेला 'गोड काळिमा' आहे. काळिमा आणि तो गोड! हे काय आहे, असं त्या वयात कोणी नुसतं विचारलं असतं तरी पुरलं असतं. रकाना भरायचा म्हटलं की अशी उत्तरं येतात.

आडवाट
वरणफळ, 'कवीला काय सांगायचे आहे' हा प्रश्न मीही काढते हो. साच्यात असतो. पण त्याला एकच उत्तर धरत नाही, एवढं आपल्या हातात असतं.

निळी शाई
सगळे संदेशाच्या रकान्यावर तुटून पडलात. मला त्याच्या शेजारच्या रकान्याची धास्ती जास्त वाटते. 'भाषा व सौंदर्य २५'. कोणाची भाषा, कोणाचं सौंदर्य?

नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' हा मुंबईच्या वेश्यावस्तीतल्या जगण्यावरचा कवितासंग्रह १९७२ चा. विजय तेंडुलकरांची प्रस्तावना आहे त्याला. तरी त्या काळात किती जणांनी नाक मुरडलं ते जुन्या लोकांना विचारा. शिव्या आहेत, घाण आहे, यात कविता कुठे आहे, हेच पालुपद. ज्यांच्या हातात सौंदर्याचा गज होता त्यांना कामाठीपुरा मोजायचाच नव्हता. शरणकुमार लिंबाळ्यांनी 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' (१९९६) लिहिलं ते काही हौस म्हणून नाही. सत्यं शिवं सुंदरम् ही मोजपट्टी आम्हाला लागू करू नका, स्वातंत्र्य, समता, माणूसपण यांवर मोजा, असं सरळ सांगितलंय त्यात. ज्याला काही सांगायचं नसतं त्याला 'शुद्ध सौंदर्य' परवडतं. ज्याच्या बोकांडी जग बसलंय त्याच्या कवितेत संदेश येणारच, त्याला तुम्ही प्रचार म्हणा नाहीतर आणखी काही.

पिंपळपार
निळी शाई, गजाबद्दल सहमत. पण एक सांगा, 'गोलपिठा' आजही अंगावर येतो तो त्यातल्या संदेशामुळे का? शोषण वाईट, हे सांगणारे लेख तेव्हाही ढिगाने होते, त्यातला एक आज आठवत नाही. आठवतात त्या ढसाळांच्या दमछाक करणाऱ्या लांब ओळी, एकावर एक कोसळणाऱ्या प्रतिमा, गल्लीतला शब्द आणि पोथीतला शब्द एका वाक्यात कोंबण्याची हिंमत. ही घडण आहे. मी तिला सौंदर्यच म्हणेन.

निळी शाई
आज म्हणाल. पन्नास वर्षांनी, पाठ्यक्रमात लागल्यावर. १९७२ ला म्हटलं असतंत तर मानलं असतं.

पिंपळपार
१९७२ ला मी चौथीत होतो. :) पण मुद्दा पोचला.

मु. पो. तासगाव
तुम्ही सौंदर्य अलीकडं आणि संदेश पलीकडं बसवून भांडताय, म्हणून मधे तोंड घालतो. अण्णा भाऊ साठ्यांची 'माझी मैना गावावर राहिली' ऐकलीय का कुणी पुरी? छक्कड आहे, म्हणजे लावणीच्या घरातली. गडी मुंबईला निघालाय आणि गावाकडं राहिलेल्या बायकोचं रूप, तिची चाल, तिचे दागिने, निरोप घेतानाची तगमग सांगतोय. निम्म्याहून जास्त गाणं होईस्तोवर तुम्हाला राजकारणाचा वाससुद्धा येत नाही. मग मुंबई येते, पोटाची खळगी येते, आणि शेवटाकडं तो म्हणतो की माझी न मैनेची ताटातूट झाली तीच गत खंडित महाराष्ट्राची, बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव दुसऱ्याच्या मालकीत.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतलं गाणं हे. अमर शेखांच्या आवाजानं हजारोंच्या सभा हलायच्या. आता यातली मैना काढा, राहिला ठराव. ठराव ऐकून कोण रडलंय का? आणि नुसती मैना ठेवा, तर फडावरचं एक चांगलं गाणं राहील, पण त्या काळजाला हात घालणाऱ्या शेवटाला तुम्ही मुकाल. दोन्हीला दोन रकाने कसे करणार? आमच्याकडं शाहिराला असं कुणी विचारत नाही.

कटिंग
तासगावकर, दंडवत घ्या.

खोडरबर
एवढं मोठं लिहिलंत आणि आडवाटताईंना अजून शून्य द्यायचं की तीस ते कळलेलं नाही.

दर्यावर्दी
आमच्या गोव्याचे बाकीबाब, म्हणजे कवी बा. भ. बोरकर घ्या. बोरकर म्हटलं की लोकांना माड, समुद्र, चांदणं आणि नादमधुर शब्द एवढंच आठवतं. हाच माणूस गोवा मुक्तीच्या चळवळीत उतरला होता, मराठी आणि कोकणी दोन्हीत लिहीत होता. पोर्तुगीज हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत स्वतःच्या भूमीवर इतकं उघड प्रेम करणं ही गोष्ट साधी नव्हती. त्यात घोषणा शोधायला गेलात तर कमीच सापडतील. आमच्या आजोबांना मात्र त्या कवितांत घोषणेहून जास्त ऐकू यायचं.

शून्यमनस्क
मी उलट्या टोकाचा आहे. मला अर्थसुद्धा नको. ग्रेसची 'भय इथले संपत नाही' अर्ध्या महाराष्ट्राला पाठ आहे, दूरदर्शनच्या मालिकेमुळे आणि हृदयनाथांच्या चालीमुळे. तिचा अर्थ सांगा म्हटलं तर किती जण सांगतील? मला जमत नाही. तरी वडील गेल्यानंतर मी दुसरं काही ऐकू शकत नव्हतो. यात संदेश कुठल्या रकान्यात बसवू?

बे एके बे
चालीमुळे. कागदावर वाचली असती तर पान उलटलं असतंत.

शून्यमनस्क
कागदावरच वाचली होती आधी. 'चंद्रमाधवीचे प्रदेश' माझ्याकडे आहे, या म्हणजे दाखवतो.

अर्धविराम
या धाग्यावर कवी-समीक्षक बा. सी. मर्ढेकर अजून कसे आले नाहीत? मराठीत सौंदर्याची बाजू सगळ्यात कडक शिस्तीने मांडली ती त्यांनी. संवाद, विरोध, समतोल ही लयतत्त्वं, आणि कलाकृतीचं मोल त्या लयीत, बाहेरच्या उपयुक्ततेत नाही. 'सौंदर्य आणि साहित्य'ला साहित्य अकादमी मिळालं १९५६ साली, ते गेल्यानंतर. म्हणजे शुद्ध सौंदर्यवादी म्हणायला हरकत नाही ना?

आणि याच माणसाने 'काही कविता' लिहिल्या (१९४७), ज्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला आणि पुढे ते त्यातून निर्दोष सुटले. यातली उंदरांची कविता बघा:

पिपांत मेले ओल्या उंदिर;
माना पडल्या, मुरगळल्याविण;
ओठांवरती ओठ मिळाले;
माना पडल्या, आसक्तीविण.

'ओठांवरती ओठ मिळाले' ही ओळ एकटी वाचा. भावगीतात खपेल. ती मेलेल्या उंदरांवर आणून ठेवलीय. 'माना पडल्या' दोनदा येतं, पहिल्यांदा मरणासाठी, दुसऱ्यांदा प्रणयाची पोझ म्हणून, आणि दोन्ही वेळा मागे '-विण'. मारलं कोणी नाही, प्रेम कोणी केलं नाही, तरी सगळं घडून गेलं. महायुद्धानंतरचं शहर, त्यातलं जगणं, सगळं या चार ओळींत येतं, आणि 'आधुनिक जीवन यांत्रिक झाले आहे' असं म्हणावं लागत नाही. मर्ढेकरांचा विरोध आणि समतोल हाच. त्यांचा सिद्धांत अर्थाला हाकलून देत नाही, तो अर्थाला घडणीबाहेर वेगळी खोली देत नाही इतकंच.

म्हणून आडवाट, माझं मत असं की जो संदेश कवितेतून जसाच्या तसा उचलून भिंतीवर लिहिता येतो त्याचे गुण कवितेला देऊ नयेत. ते भिंतीला द्यावेत.

शेवग्याची शेंग
भिंतीला द्यावेत!! हे मी चोरणार.

निळी शाई
अर्धविराम, उंदरांचं वाचन आवडलं, खरंच. पण 'भिंतीवर लिहिता येतं ते कविता नाही' हा नियम केलात की वामनदादा कर्डकांची शेकडो भीमगीतं बाहेर गेली. खेड्यापाड्यांतल्या आमच्या बायाबापड्यांना आंबेडकर कळले ते पुस्तकांतून नाही, वामनदादांच्या गाण्यांतून. ती गाणी सरळ सांगतात, लपवत नाहीत, आणि लोक रात्र रात्र बसून ऐकतात.

अर्धविराम
सरळ सांगण्याला माझी ना नाही. वामनदादांची चाल आणि बोली काढून ती वाक्यं तशीच चालतील का, एवढंच विचारतोय.

मु. पो. तासगाव
याला नाथमहाराज साक्षीला आणतो. 'विंचू चावला' भारूड. मनुष्य इंगळी अति दारुण, तमोगुण मागे सारा, सत्त्वगुण लावा अंगारा, सगळं नावानिशी सांगून टाकलंय, लपवाछपवी काही नाही. भिंतीवर लिहिता येईल असाच उपदेश. पण भारूड करणारा विंचू चावल्यागत जो काय नाचतो, विव्हळतो, प्रेक्षकात घुसतो, त्यानं पोरं हसून लोळतात न म्हातारी माणसं शेवटी हात जोडतात. उघड संदेशानं कला मरते हे काय खरं नाही. आळसानं मरते.

गेरू
चित्रकलेचा शिक्षक आहे, डहाणू भागात नोकरी केली, म्हणून थोडं अवांतर. वारली लग्नात भिंतीवर चौक काढतात. सवासिनी काढतात, तांदळाच्या पिठाने, मधोमध पालघाट देवी. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणते. चौकाशिवाय लग्न लागत नाही. तिथे तुम्ही विचारलंत की हे सुंदर दिसावं म्हणून आहे की काही सांगण्यासाठी, तर त्या बायका तुमच्याकडे बघत राहतील. ते लग्नासाठी आहे.

नंतर जिव्या सोमा म्हसे यांच्यामुळे ही चित्रं कागदावर, कापडावर आली, जगभर गेली, त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. म्हसे यांच्या चित्रातलं मासेमारीचं जाळं बघताना डोळा फिरतच राहतो, त्याबद्दल काही म्हणायचं नाही. पण आता दुसरी मजा बघा. सरकारी इमारतीच्या भिंतीवर वारली आकृत्या असतात आणि त्या हात धुवायला सांगतात, शौचालय बांधायला सांगतात. तारपा नाचाच्या वळशात मधोमध नळ! शाळा तपासायला येणाऱ्यांना हे फार आवडतं. मीही मुलांकडून रंगवून घेतलंय, वरून कागद आला की घ्यावंच लागतं. त्या भिंतीपाशी थांबून बघत उभं राहिलेलं मूल मी पाहिलेलं नाही.

वरणफळ
गेरू, यावर वेगळा धागा काढा ना.

कटिंग
आणि तेंडुलकरांचं नाटक 'घाशीराम कोतवाल'? १९७२ चंच साल पुन्हा. ओळीने उभे राहिलेले, डुलणारे, गाणारे ब्राह्मण, त्यांचीच भिंत होते, मागचं दिसेनासं होतं. जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, चंदावरकरांचं संगीत. आधी तुम्ही त्या देखणेपणावर भाळता आणि मग लक्षात येतं की आपण कशाला ताल धरला होता. संदेश नुसता बोलून दाखवला असता तर इतका वाद झाला नसता.

आडवाट
सगळ्यांचे आभार. स्पर्धा झाली, म्हणून पुढचं सांगते. ऐन वेळी एक तिसरी कविता आली. सोसायटीच्या ऑफिसात काम करणारा मुलगा आहे, त्याची. वाचून दाखवताना त्याने एकदाही वर बघितलं नाही.

दुसरी पाळी

बाबा रात्री आले की
आई आधी बादली पुढे करायची, मग ताट.
मला वाटायचं
सगळ्यांकडे असंच असतं.

त्याचे वडील ड्रेनेजच्या कामावर होते. ते मला नंतर चहाच्या वेळी कळलं. मी 'भाषा व सौंदर्य'मध्ये २३ दिले. सहपरीक्षकांनी ८. शेरा: 'अलंकार नाहीत, यमक नाही'. संदेशात त्यांचे १०. शेरा: 'संदेश स्पष्ट नाही'. म्हणजे दोन्ही दारं बंद. 'झाडे लावू' पहिली आली, कुरडया दुसऱ्या, याला उत्तेजनार्थ. पुढच्या वर्षी संदेशाचा रकाना काढा म्हटलं, तर समितीचं उत्तर की वर्गणी देणारे विचारतात, समाजासाठी काय केलं. मग मी म्हटलं निदान तीसचे दहा करा. बैठक व्हायची आहे.

निळी शाई
हेच सांगत होतो. दोन्ही रकाने एकाच माणसाने आखलेले असतात.

ताई, त्या मुलाला माझा निरोप द्या की आणखी लिही. आणि कोणी त्याला 'यात शेवटी सफाई कामगारांना मान द्या असं घाल' म्हणून सांगितलं तर ऐकू नको म्हणावं.

बे एके बे
विरोध म्हणून नाही, पण मला ड्रेनेजचं कळल्यावरच ती कविता कळली. आधी वाटलं बाबा दारू पिऊन येतात आणि बादली उलटीसाठी आहे. कवितेबाहेरची माहिती लागत असेल तर ती कवितेत यायला नको का?

अर्धविराम
शीर्षक 'दुसरी पाळी' आहे. कामावरून येतात हे त्यात आलं.

बे एके बे
पाळी कारखान्यातही असते. बादली कशाची, ते अजूनही येत नाही.

शेवग्याची शेंग
मला दारूचा अर्थ लागला तरी कविता चालते. उलट मुलाचं 'सगळ्यांकडे असंच असतं' दोन्हीकडे तितकंच खरं.

निळी शाई
नाही चालत. दारूवर नेलंत की कविता बापाला दोष देते. इथे बापाचा दोष नाही. बे एके बे यांचं बरोबर आहे, एक शब्द हवा. 'बादली'च्या मागे वास येऊ द्या, साबण येऊ द्या, काहीतरी. तो उपदेश नव्हे, नेमकेपणा झाला.

अर्धविराम
साबण? 'आई आधी बादली आणि साबण पुढे करायची, मग ताट.' हं. लय थोडी लांबते, पण अर्थ लागतो.

मु. पो. तासगाव
लाईफबॉय म्हणू दे. त्या काळात आमच्याकडं तोच असायचा.

आडवाट
विचारते त्याला. बदलायचं की नाही ते तो ठरवेल.